डिंकाचं पाणी आणि जावयाच्या गोळ्या

१२ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद.

आम्ही मजेत आहोत. म्हणजे तुमच्या सासूबाई मजेत आहेत. मी आहे तसा आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात घाई आहे. वकिलांचे जाडजूड खंड आलेत, सगळ्यांच्या पाठी सुटलेल्या.

दात अजून ठणकतो. पण पत्र त्यासाठी नाही.

पोटाची तक्रार जुनीच. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी बाभळीच्या डिंकाची भुकटी सुचवली. म्हटलं, विकत कशाला? जन्मभर डिंकातच हात आहेत माझे! माझ्याच दुकानातल्या बरणीतला डिंक कुटला. बाई अर्धा चमचा म्हणाल्या होत्या, मी तीन घेतले. दोन दिवस पोटाचा नगारा. कारागिरानं थंडीत खिडक्या उघडल्या. मग प्रमाण कमी केलं, पाणी भरपूर प्यायलो आणि पोट इतकं सुरळीत झालं की येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलो.

आता मुद्द्याचं. दाताच्या सुजेवर तुम्ही दिलेल्या गोळ्या मी रोज त्याच डिंकाच्या पाण्याबरोबर घेत होतो. काल बाईंना सहज बोललो, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो काका, डिंकामुळे हे औषध अंगी लागत नाही! दोन्हींत चार तास तरी अंतर हवं. आणि चिकटवायचा डिंक कुणी खातं का?"

म्हणजे गोळ्यांचा काही दोष नव्हता. आणि मी काय केलं? तुमच्या दवाखान्यात, बाहेर बसलेल्या पेशंटांसमोर ओरडलो, "माझ्या जावयाच्या औषधानं ढिम्म फरक पडत नाही!" दोघं उठून गेले. तुम्ही फक्त "बाबा, बसा" म्हणालात. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. लेक तीन आठवडे माझा फोन उचलत नाही. तिचं बरोबरच आहे. मला फार लाज वाटते.

सासूबाई म्हणतात, "फोनवर माफी मागा की." पण चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागे घ्यायला हवं. सोमवारी सकाळी गर्दीच्या वेळी येतो. आधी बाकांसमोर उभा राहून डिंकाची सगळी हकीकत सांगेन, मग आत येईन. हसतील त्यांना हसू दे. लेकीला तेवढा वेळ दाराशी थांबायला सांगा. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, नुसतं ऐकू दे.

तुमचा अतिशहाणा सासरा,
आणि अजूनही तिचा बाबा