वाढत जाणारा ठिपका

२ मार्च, सोमवार

आलो एकदाच्या! घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. सासूबाईंनी सामान उघडायच्या आधी ती खिडकीच पुसून घेतली. इथे बसून छान विणता येईल, म्हणाल्या. घरमालकीणबाईंना आम्ही मायलेकी वाटलो. आम्ही दोघींनीही त्यांना वाटू दिलं.

एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. नवरा हात उचलायचा. मग एके दिवशी त्यानं स्वतःच्या आईचं मनगट मोडलं. दवाखान्यातून बाहेर पडताना त्याच मला म्हणाल्या, घरी नको, चल. सुनेला पळवून नेणारी सासू! बसमध्ये यावरून आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग वर्षभर इकडेतिकडे राहिलो, तेवढ्यात मी नाव कायद्यानं बदलून घेतलं. आता गाव नवं, नोकरी नवी, डायरीसुद्धा नवी.

५ मार्च, गुरुवार

ऑफिस एका बेकरीच्या वर आहे, त्यामुळे अकरा वाजल्यापासून भूक लागते. काम मात्र झकास. इंटरनेटवर काही शोधलं की उत्तरांची मारुतीच्या शेपटासारखी यादी येते. वरची चार पानं उघडून माणूस कंटाळतो आणि खालचं सगळं तसंच पडून राहतं. आमच्या साहेबांना ही यादीच मोडून काढायची आहे. शोधलेला शब्द पडद्याच्या मधोमध, आणि सापडलेलं प्रत्येक पान म्हणजे त्याच्याभोवतीचा एक ठिपका. ज्यांचा एकमेकांशी संबंध, त्यांच्यामध्ये धागा. हे सगळं दिसायला कसं असावं, ते मी ठरवायचं. ते प्रत्यक्ष चालवून दाखवणारा प्रोग्रामर इतका अबोल आहे, की सगळे त्याला नुसतं ‘चष्मा’ म्हणतात आणि तो ओ देतो.

११ मार्च, बुधवार

आज साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. माझ्या दोन सूचना मान्य झाल्या. एक, धागा नुसत्या शब्दांवरून जोडायचा नाही, फोटोंवरूनही जोडायचा. दोन फोटोंत एकच वस्तू दिसली तर ती पानं जवळ यावीत. दुसरी, एखादं पान जितक्या वेळा उघडलं जाईल, तितका त्याचा ठिपका फुगावा. लोक कुठे बघतायत ते न वाचताच कळेल.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांना कळलं किती ते देव जाणे, पण त्यांनी माझी दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली.

१६ मार्च, सोमवार

चाचणी ऑफिसबाहेरच्याही सगळ्यांसाठी खुली झाली. जो तो आपलं नाव टाकून बघत होता. जेवायला सगळे खाली गेले तेव्हा मला राहवलं नाही. मी माझं जुनं नाव टाकलं.

जुनं ऑफिस. कॉलेजचा निकाल. लग्नाचा फोटो. आणि त्या फोटोतून निघालेला एक बारीक धागा, पार कडेला एका ठिपक्याकडे गेलेला. मी तो उघडला.

विणकाम करणाऱ्या बायकांचं पान होतं. त्यावर सासूबाईंच्या टेबलक्लॉथचा फोटो. त्यांनी स्वतः बसवलेली नक्षी, लग्नातल्या टेबलावरही तीच होती. क्लॉथ आमच्या खिडकीत वाळत घातलेला. मागे समोरच्या दुकानाची पाटी, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी.

यादीत हे पान कुणाला जन्मात सापडलं नसतं.

१७ मार्च, मंगळवार

सासूबाईंना विचारलं. त्या पांढऱ्या पडल्या. नाव कुठेच लिहिलं नव्हतं गं, म्हणाल्या. तिथल्या बायका कौतुक करतात, म्हणून टाकला. लगेच काढला. मी रागावले नाही. वर्षभरात त्यांचं कौतुक माझ्याशिवाय कुणी केलं होतं?

पण आमच्या जाळ्यात ठिपका तसाच आहे. आम्ही पानांची नक्कल ठेवतो.

१८ मार्च, बुधवार

ठिपका काल मोहरीएवढा होता. आज वाटाण्याएवढा आहे.

कोण बघतंय? टेबलक्लॉथ इतक्या वेळा कोण बघेल?

१९ मार्च, गुरुवार

चष्म्याला सगळं सांगितलं. त्यानं आधी ते पान पुसलं, मग नोंदी काढल्या. सगळ्या भेटी एकाच माणसाच्या. त्यानं शोधलं होतं आधी माझं जुनं नाव. मग दुकानाचं नाव. मग या गावाकडे येणाऱ्या बस.

चष्मा म्हणाला, माझ्या बहिणीकडे चला. शनिवारी दुपारी ती गाडी घेऊन येईल.

२० मार्च, शुक्रवार

पोलिसांत जाऊन आले. तिथल्या बाई चांगल्या आहेत. दिसेल ते लिहून ठेवा म्हणाल्या, पुढे उपयोगी पडतं. ऑफिसला गेले नाही. पडदे ओढलेत. सासूबाई जेवल्या नाहीत. तो बारीक झाला असेल का, असं मध्येच पुटपुटल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२१ मार्च, शनिवार

बॅगा भरल्या. गाडीला अजून वेळ आहे.

समोर. दुकानापाशी. तोच. मान वर करून एकेक खिडकी बघतोय —

पोलिसांना फोन केला. निघालोय म्हणाल्या. दार उघडू नका, आवाज करू नका.

आता खाली दिसत नाही.

जिन्यात पावलं. प्रत्येक मजल्यावर थांबतायत.

सासूबाईंना पलंगावर बसवलंय. हात धरला होता, लिहायला सोडला.

बेल.

पुन्हा.

बोलतोय. ओरडत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू —

“आई, मी आहे. सकाळपासून काही खाल्लं नाही गं.”

त्या रडतायत, तोंडावर पदर दाबून. मी मान हलवली, नको. त्यांनीही हलवली, नको.

“आई.”

रस्त्यावर गाडीचा आवाज — नाही, दुसरीच —

त्या उठल्या. पाणी पिऊन येते, असं खुणेनं म्हणाल्या. स्वयंपाकघर डावीकडे आहे, बाहेरचं दार उजवीकडे. त्या उजवी—