उर्मिलेच्या आवाजाची वाटणी

९ फेब्रुवारी २०२६, सोमवार. सकाळी पाणी भरले, बँकेत जाऊन आलो. दुपारी साक्षीदार येणार आहेत.

मी, काशीनाथ रघुनाथ पाटकर, वय एकाहत्तर, राहणार मीरा रोड पूर्व, पूर्ण शुद्धीत, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःहून हे लिहीत आहे. पत्नी उर्मिला गेल्या भाद्रपदात वारली.

१. फ्लॅट व बँकेतील ठेव मुलगा नीरज व मुलगी नीलम यांना समान. हत्यारांची पेटी नीलमला. नीरज खिळा ठोकायलाही माणूस बोलावतो.

२. उर्मिलेचा फोन. टाइप करायचा तिला कंटाळा, त्यामुळे सगळे निरोप तिच्या आवाजात आहेत. नीरजला ते एका कंपनीला द्यायचे आहेत. कंपनी तिच्या आवाजात बोलणारे यंत्र करून देते. तो म्हणाला, "बाबा, माझ्या रसिकाशी तिची आजी बोलेल." मी अटी वाचल्या. आवाज कायमचा कंपनीचा होणार होता.

उर्मिला भाईंदरच्या शाळेत इतिहास शिकवायची. अमेरिकेतल्या मक्तेदार तेल कंपनीचा धडा असला की घरचा घासलेटचा कंदील वर्गात न्यायची. आदल्या संध्याकाळी शेंगा निवडताना तो धडा मला शिकवून बघायची. कारखाने त्यांचे, तेल वाहून नेणारे नळ त्यांचे, रेल्वेचे भाडेही त्यांच्या सोयीचे, मग उजेड कोणाचा, असे विचारायची. १९११ साली न्यायालयाने कंपनीचे तुकडे केले, हे सांगताना हातातली शेंग मोडायची. हा फोन घेतला तेव्हा म्हणाली होती, "अहो, या फोनवाल्या कंपन्यांना तर तेलाची विहीरही खणावी लागत नाही. आपणच रोज बोलून बोलून भरून देतो."

३. म्हणून तिच्या आवाजाचेही तुकडे करतो. विद्यार्थ्यांना फोनवर पाठवलेले धडे शाळेला. कोलंबी आणि बोंबलांच्या कृती शेजारच्या मंदाताईंना. रसिकाची अंगाई नीरजला, कंदील रसिकाला. बाकीचे निरोप नीलमला. हे पुन्हा एकत्र करून कोणत्याही कंपनीला देऊ नयेत. नीरज, तुझा राग मला कळतो. ती बोलावी असे मलाही वाटते. पण ती जे बोललीच नाही, ते तिच्या आवाजात मला ऐकवणार नाही.

४. मला आलेला शेवटचा निरोप कोणालाच देत नाही. माझ्यानंतर नीलमने तो न ऐकता पुसावा.

सही: काशीनाथ रघुनाथ पाटकर

पाटकरांनी हे आम्हाला वाचून दाखवले व आमच्यादेखत सही केली. वाचताना ते कुठे अडखळले नाहीत.
साक्षीदार: उत्तम चौधरी, सुगंधा रेवाळे
मीरा रोड, ९ फेब्रुवारी २०२६

यापुढचा मजकूर मृत्युपत्रात धरू नये. साक्षीदार गेले. शेवटचा निरोप एकदा लावला. "अहो, रिक्षात बसलेय. चहा टाका."

उठून आधण ठेवले.