यमुनेकडचं तिसरं ताट

२० ऑगस्ट १९७८

शेजारीण फार हसते. संशय येतो!

यमुना आणि तिचा नवरा बाबाजी मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं आले, त्याला महिना झाला. मूलबाळ नाही. बाबाजीला दमा, चार पावलं चालला की भिंत धरतो. नळाला पाणी दिवसाआड. आणि ही बाई रिकामी घागर घेऊनसुद्धा हसत परत येते! केशवापुरात मी तीस वर्षं राहते, असं माणूस पाहिलं नाही. काहीतरी लपवते आहे. शोधून काढायलाच हवं.

२१ ऑगस्ट

अळणावराहून दिराचं पत्र आलं. अप्पाजी भावजी लिहितात — "वहिनी, देव बिनपूजेचे ठेवू नयेत. पितृपक्ष लागायच्या आत, १४ सप्टेंबरला येतो. आमच्याकडे घेऊन जातो."

बरोबरच आहे. हे गेले, त्यानंतर चौदाव्या दिवशी मी आमचे पाची टाक — अंगठ्याएवढ्या चांदीच्या पत्र्यांवरचे घरचे देव — ह्यांच्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत घातले. तीन वर्षं झाली. हे अंथरुणावर होते ते सतरा दिवस नवस, उपास, सगळं करून झालं होतं. पाचांतल्या एकानंही ऐकलं नाही. मग माझंही त्यांच्याशी काम संपलं.

उत्तर टाकलं — "या. घेऊन जा."

२५ ऑगस्ट

यमुनेला चिडवून पाहिलं. म्हटलं, तुझ्या धुण्याचं पाणी माझ्या पापडांवर गळतं. (गळत नाही.) तिनं दोरी काढून पलीकडे बांधली आणि वर मला तांब्याभर ताक आणून दिलं.

ताक आंबट निघालं. तेवढंच समाधान.

२९ ऑगस्ट

सापडलं!

दुपारी साडेबाराला भिंतीपलीकडून यमुनेचा आवाज — "ऊट माडप्पा! जेव की! भाकरी गार व्हायला लागली. रुसलास काय?" मनात म्हटलं, हुश्श, नवराबायकोचं भांडण! माणसंच आहेत शेवटी. तेवढ्यात बाबाजी फाटकातून आत येताना दिसला. भिंत धरत, धापा टाकत.

मग आत जेवतंय कोण?

चिंच मागायच्या निमित्तानं गेले. माझ्या घरी बरणी भरून चिंच असताना! पाहते तर दोन माणसांच्या घरात तीन ताटं. दोन पालथी. तिसऱ्यात भाकरी, झुणका, ठेचा. ते पाटासमोर मांडलेलं, आणि पाटावर मैलारलिंगाची लहानशी तसबीर. आमचा खंडोबाच, कानडी नावानं. ही त्याच्यासमोर मांडी घालून बसलेली.

"कुणाशी बोलत होतीस?"

"ह्याच्याशी. आज मीठ कमी पडलं की, अक्का."

"अगं, नैवेद्य असा असतो होय? ताट दाखवायचं, पाणी फिरवायचं, उचलायचं."

"एवढ्यात? पाहुण्याला ताट नुसतं दाखवून उचललं तर तो परत येईल काय?"

चिंच न घेताच आले.

३१ ऑगस्ट

समोरच्या बाळाचार्यांना सांगितलं. निवृत्त मास्तर, सोवळ्यातले. ऐकून लाल झाले. "मंत्र नाही, सोवळं नाही, आणि देवाला झुणका? कांदा असतो हो त्यात! उद्या जाऊन समजावतो."

१ सप्टेंबर

बाळाचार्य गेले. पाऊण तासानं बाहेर आले. "समजावलंत?" म्हटलं. "आज नीट जमलं नाही. उद्या पुन्हा जाईन."

३ सप्टेंबर

बाळाचार्य आज तिसऱ्या दिवशीही समजावायला गेले. हातात घरच्या लोणच्याची वाटी होती!

पदर तोंडात कोंबून हसले. तीन वर्षांत अशी हसले नव्हते. आणि लगेच ह्यांची आठवण आली. असलं काही ह्यांना सांगितलं असतं तर दोन दिवस पुरलं असतं. रडणं एकटीला जमतं. हसणं नाही जमत.

४ सप्टेंबर

वाचायला मी दाजीबानपेठेत आमच्या दुकानात शिकले, कापडाच्या ठाणांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून. तेव्हापासून काही अडलं की पुस्तकात बघायची खोड. आज वाचनालयातून देवावरचं एक जाड पुस्तक आणलं. चाळीस पानं वाचली. देव सगळीकडे आहे असं लिहिलंय. झुणका खातो असं कुठं नाही.

८ सप्टेंबर

पहाटे बाबाजीची धाप वाढली. ओठ निळे. रिक्षात घालून दवाखान्यात नेला.

दुपारी यमुना त्याचे कपडे न्यायला घरी आली. थोड्या वेळानं ताटाचा आवाज. आजसुद्धा? राहवलं नाही, दारात जाऊन उभी राहिले. कालची भाकरी आणि चटणी वाढली होती तिनं. हसत नव्हती. रडत होती आणि भांडत होती. "काय चालवलंयस हे? दिसत नाही तुला? जेवू नकोस आज! — नको, जेव. खरं मला सांग, का म्हणून?"

मग गप्प बसली. बराच वेळ.

मला कुणाचा आवाज आला नाही. उजेड नाही, काही नाही. पण समोर कोणी ऐकत असलं म्हणजे बाई जशी बसते, तशी ती बसली होती. ते बसणं मला ठाऊक आहे. दुकान बंद करून हे घरी आले की मी तशीच बसत होते.

उठल्यावर विचारलं, "बोलला काही?"

"नाही, अक्का. ऐकलं." डोळे पुसले आणि कपड्यांची पिशवी घेऊन निघाली.

१० सप्टेंबर

बाबाजी अजून दवाखान्यातच. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत. आज मीच यमुनेला जेवायला वाढलं. जेवता जेवता म्हणाली, "तुमच्याकडं देव दिसत नाहीत, अक्का?"

"आहेत. मी बोलत नाही त्यांच्याशी."

बोलून गेले, आणि हातातली पळी तशीच राहिली. नसलेल्याशी कोणी अबोला धरतं काय? तीन वर्षं!

१२ सप्टेंबर

ट्रंकेची किल्ली दिवसभर शोधली. कमरेलाच होती.

१३ सप्टेंबर

टाक काढून घासले. भावजींच्या हातात काळे देऊ नयेत म्हणून. बाकी काही नाही! घासता घासता खंडोबाला एवढंच विचारलं — ते सतरा दिवस होतास कुठं? एकामागून दुसरं निघालं, दुसऱ्यामागून तिसरं. दूध उतू गेलं.

१४ सप्टेंबर

भावजी दुपारच्या गाडीनं आले, काखेत रिकामी पिशवी. दारातूनच म्हणाले, "वहिनी, देव बांधून ठेवलेत ना?"

"जेवताहेत," म्हटलं. "बसा जरा."

भावजींनी वाकून आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं — "किती वेळ लागेल?"