उजवा कौल

मांडवी, रत्नागिरी
श्रावण वद्य ६, शके १८५१

तीर्थरूप दाजी यांस,

भिकाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडे सर्व मंडळी देवीच्या कृपेने खुशाल आहेत. तुमची खुशाली समजत नाही. आगबोट अजून सुरू नाही आणि टपाल कोल्हापुरावरून फिरून येतं, त्यामुळे मुंबई सध्या काशीइतकी लांब झाली आहे.

सावर्ड्याच्या माणसाबरोबर पाठवलेलं धोतर पोचलं. चांगलं लांबरुंद आहे. बकुळा म्हणते, यात दोन भिकाजी मावतील आणि वर एखादा पाहुणा. पाऊस पुष्कळ झाला. पडवीचे दोन वासे बदलले. बाबांच्या मागे ही पहिलीच नारळी पौर्णिमा, पण काही कमी पडू दिलं नाही. वाजतगाजत गेलो, नारळ दर्याला दिला. तुमचा दत्ताराम बरा आहे.

गोदीतलं तुमचं काम कसं चाललं आहे? मुकादम अजून तोच का?

दाजी, मी दोनदा पेन खाली ठेवलं. आता लिहितोच. नारळ गेला, पण दर्या मोकळा झाला असं मी अजून म्हटलेलं नाही. आपल्या वाडीच्या होड्या अजून काठावर झावळ्यांखाली शाकारलेल्याच आहेत.

तुम्हाला रीत ठाऊक आहे, पण मला सगळं पहिल्यापासून मांडून बघायचं आहे, म्हणून लिहितो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गुरव आणि मी कातळावरच्या देवीच्या घुमटीत शिरलो. आत दोघांपुरतीच जागा. वाडी सगळी खाली पायऱ्यांवर. आप्पाने देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: "आई, लेकरांनी दर्यात जावं तर उजवा दे, थांबावं तर डावा दे." आप्पाच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू पिकलाय. पाकळी पडली ती त्याला दिसली नाही. त्याने मला विचारलं, "खयची पडली रे?"

उजवी पडली होती. सरळ, स्वच्छ, माझ्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, "डावी."

बाहेर येऊन तेच सगळ्यांना सांगितलं.  देवी थांबा म्हणाली म्हणजे थांबायचं. गोकुळाष्टमी होईपर्यंत परत कौल लावता येत नाही, म्हणून सगळे घरी गेले. माझ्या एका शब्दावर वाडी चुली आवरून बसली आहे, हे बघून मला किती भीती वाटली म्हणून सांगू.

तुम्ही विचाराल, असं का केलंस? मी स्वतःला रोज एक उत्तर देतो. त्या दिवशी वारा नव्हता आणि लाट मात्र मोठी होती. खाडीच्या तोंडाशी अशी फुटत होती की पांढरं पांढरं दिसत होतं. बाबा नेहमी सांगायचे, वाऱ्यावाचून लाट आली तर समजावं की बाहेर कुठेतरी दर्या पिसाळलाय आणि तो आपल्याकडे निघालाय. म्हणून मी नाही म्हटलं. हे उत्तर चांगलं आहे. चारचौघांत सांगण्यासारखं आहे.

पण दुसऱ्या दिवशी लाट बसली. वादळ काही आलं नाही. भाट्याच्या बाजूच्या होड्या गेल्या आणि टोपल्या भरून आल्या. त्यांचे बांगडे आपल्याच पाखाडीतून विकायला गेले, आपल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. हौसाकाकूच्या घरी सुकटसुद्धा उरलेली नाही. तिचा रघू आणि ती दोघं नाचणीच्या पातळ आंबिलीवर आहेत. काल विहिरीवर मला म्हणाली, "देवीच्या मनात हाय तवर थांबायचा, भिकू. तू तरी काय करशील?" मला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

तेव्हा दुसरं उत्तर लिहितो. नारळाचा मान ज्याच्या घरचा, त्याच्या घरची होडी पहिली जाते आणि सुकाणूवर त्याच घरचा माणूस लागतो. बाबांच्या वेळी तुम्ही बसलात, मग मी बसलो. आता नारळ मी दिला. नारळ देणाऱ्याने होड्या निघतील त्या दिवशी दर्यात पाय घालायचा नाही. त्याने अन्नपाण्यावाचून काठावर बसायचं, होड्या परत येईपर्यंत. मला मूल नाही. मग घरचा माणूस कोण उरला?

मी घुमटीतून बाहेर आलो तेव्हा दत्ताराम सर्वांत खालच्या पायरीवर सुकाणू खांद्यावर घेऊन उभा होता आणि माझ्याकडे बघून हसत होता. वहिनी गेल्या तेव्हा तो एवढासा होता. बकुळेने त्याला कडेवर वाढवलं. दाजी, मी खाडीच्या तोंडाकडे बघून नाही म्हटलं की त्याच्या तोंडाकडे बघून, हे मला खरंच ठाऊक नाही. समुद्र बघितला असेल तर मी मानकरी. त्याला बघितलं असेल तर मी वाडीला उपाशी ठेवणारा, देवीच्या नावावर खोटं बोलणारा माणूस. आणि सत्य कुणाला विचारू? देवीला विचारायचं तोंड तर मीच घालवलं.

म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. बकुळेच्या हाताला गळू झालं, मला वाटलं देवीचंच. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली तरी मी घुमटीकडे वळून बघतो. भर दुपारी घोंगडी गुंडाळून पडवीत बसतो. बकुळेला वाटतं मला हिवताप आहे. ती काढे करून देते आणि मी निमूट पितो.

अष्टमी झाली की परत कौल. आई यावेळी काय देईल? डावा दिला तर या लोकांना अजून किती दिवस आंबिलीवर ठेवू? आणि उजवा दिला तर तो खरा की माझ्यासाठी लावलेला सापळा, हे कसं ओळखू?

बाबांचे दिवस झाल्यावर तुम्ही माझ्या हातात नारळ ठेवलात आणि म्हणालात, "तू वाडीत राहतोस, मान तुझा." मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता तुम्हीच या आणि तो परत घ्या. निदान काय करू ते कळवा. हे पत्र तुमच्या हाती पडेल तोवर कौल होऊन गेलेला असेल, हे मला कळतं. तरी लिहितो आहे.

तुमचा आज्ञाधारक, घाबरलेला धाकटा भाऊ,
भिकाजी


मांडवी, रत्नागिरी
श्रावण वद्य १०, सकाळ

तीर्थरूप दाजी यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. दत्ताराम सुखरूप आहे. अंगणात तोंड धुतो आहे, इथून दिसतो. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तुम्ही माझं तोंड न बघण्याचं ठरवलंत तर तो तुमचा अधिकार आहे.

काल कौलाचा दिवस होता. आप्पा आणि मी आत गेलो. त्याने पाकळ्या भिजवल्या, लावायला हात उचलला आणि मी तो धरला. मला वाटलं, आता डावा आला तर माझं खोटं झाकेल आणि उजवा आला तर उद्याचा भार आईवर जाईल. दोन्हीकडून मीच सुटणार होतो. आप्पाला म्हटलं, "थांब. आधी मला बाहेर बोलायचंय."

पायऱ्यांवर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. त्या दिवशी कौल उजवा होता. मी डावा सांगितला. दर्या मला बरा दिसला नाही आणि दत्तारामला पाठवायचीही भीती वाटली. त्यातलं कुठलं किती, ते मलाच कळत नाही.

 मग जो गलका झाला तो विचारू नका. आप्पा तिथेच बसला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "माझ्या डोळ्यांनी घात केलान." रावजीची होडी वाडीत सर्वांत मोठी, त्याचा आवाजही तसाच. तो पुढे आला. "आमची पोरां उपाशी निजली, भिकाजी. आनि तू आईचा शब्द फिरवलास? हेच्याकडला मान काढा!"

मी म्हटलं, "काढा." घुमटीतला पूजेचा नारळ आणून मधल्या पायरीवर ठेवला. "घ्या कुणीही. जो घेईल त्याने आज दर्या मोकळा म्हणायचं, आपला पोरगा पहिला पाठवायचा आणि इथं काठावर बसायचं."

रावजी वाकला. हात नारळाला लागलासुद्धा. तेवढ्यात त्याची नजर त्याच्या दादूवर गेली. दादू आपला उभा होता, लग्नाची हळद अजून अंगावरून पुरती गेलेली नाही. रावजीने हात मागे घेतला. दुसरं कुणी पुढे आलं नाही. नारळ पायरीवर तसाच.

शेवटी हौसाकाकू म्हणाली, "उचल, मेल्या. खोटां बोललास ता बोललास. आता खरां काय ता सांग. जायचा की नाय?"

मी नारळ उचलला. मग दर्याकडे बघितलं. दाजी, इतकं निरखून मी जन्मात काही बघितलं नसेल. खाडीच्या तोंडाशी लाट फुटत होती, पण मधे वाट होती. ढग पातळ होते. वारा साधारण. पुरता बरा दिवस नव्हता, पण पुरता बरा दिवस मिळेपर्यंत माणसं जगत नाहीत. मी म्हटलं, "दर्या मोकळा. पण लांब जायचं नाही. वारा दक्षिणेला फिरला की जाळं असेल तसं ओढून परत. आणि हा माझा शब्द आहे, आईचा नव्हे. काही झालं तर मला धरा."

दत्ताराम पाया पडला आणि सुकाणूवर जाऊन बसला. मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर थांब म्हणालो असतो.

काठावर बसलो. तुमचं नवं धोतर खांद्यावर होतं, कारण मानकऱ्याजवळ पांढरं वस्त्र लागतं. त्याने ते ज्या होडीकडे रोखून हलवलं तिने सगळं टाकून परत यायचं. खूण मोडायची नाही. हौसाकाकू येऊन शेजारी बसली. रघू रावजीच्या होडीवर होता, दादूबरोबर.

दुपार कलली आणि वारा फिरला. होड्या लगेच वळल्या, माझा शब्द त्यांनी पाळला. पण तोंडाशी लाट चढली होती आणि मधली वाट एका वेळी एका होडीपुरतीच उरली होती. जो पहिला गेला तो शेवटी आत येतो, ही आपली रीत. मानाच्या होडीने बाहेर थांबायचं आणि बाकीच्यांना वाट द्यायची. दत्तारामने होडी बाजूला घेतली आणि थांबला. एकेक होडी आत येत होती आणि प्रत्येक वेळी लाट आधीपेक्षा मोठी वाटत होती. त्याची होडी दिसायची, मग दिसायची नाही, मग परत दिसायची. 

रावजीची होडी अजून आत यायची होती. मी धोतर हलवलं असतं तर दत्ताराम तिच्या आधी घुसला असता. आला असता आत. रावजीची होडी मागे राहिली असती.

दाजी, माझा हात वर गेला होता. धोतर मुठीत होतं. हौसाकाकूने ते बघितलं. मला वाटलं ती हात धरेल, शिव्या देईल. तिचा एकुलता एक त्या होडीवर. ती म्हणाली, "हलव, बाबा. तुझा पन पोरच हाय तो."

मग मला हलवता येईना. मी धोतर खाली घेतलं, मांडीखाली घातलं आणि त्यावर बसलो. हात परत आपोआप वर जाईल याची भीती वाटत होती म्हणून दोन्ही हातांनी वाळू धरून ठेवली.

हे तुम्हाला कुणी सांगण्याआधी मीच सांगतो आहे. तुमच्या मुलाला आत बोलवायची खूण माझ्या हातात होती आणि मी ती केली नाही. त्याला काही झालं असतं तर मी तुम्हाला काय लिहिलं असतं, ते मला अजून सुचत नाही.

रावजीची होडी आली. रघूने उडी मारली आणि आईकडे धावला. मग बराच वेळ कुणी नाही. दत्ताराम आला तेव्हा होडीत गुडघाभर पाणी होतं आणि सुकाणूचं फळकूट तुटलेलं. सगळी वाडी पाण्यात उतरून होडी ओढायला लागली, रावजी सर्वांत पुढे. मी धोतरावरच बसून होतो.  तो भिजलेला माझ्यापर्यंत चालत आला तेव्हा मी त्याच्या पायांना हात लावून बघितला, बाकी काही केलं नाही. बकुळेने मात्र त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडली.

कुणाच्या घरी काल चूल थंड राहिली नाही. बांगडे चांगले सापडले. मानाविषयी परत कुणी बोललं नाही, आणि मला त्याचीच भीती जास्त वाटते. पहिलं पत्र लिहून तुम्हाला बोलावलं होतं. आता मान परत घ्यायला येऊ नका. आलात तर माझ्याशेजारी बसायला या. एकट्याने बसणं फार कठीण आहे.

दत्तारामने तोंड पुसलं. आता दारात येऊन उभा आहे. बांबूला नवं फळकूट बांधून सुकाणू तयार ठेवलंय. मघाशीच त्याने विचारलं, "काका, आज?" मी म्हटलं, पत्र पुरं करू दे. कौल लावायला आप्पाला हाक मारलेली नाही. पत्र पुरं झालं. आता उठून दर्या बघायला जातो.

तुमचा,
भिकाजी, नारळाचा मानकरी