हार घातलेले चष्मे

मंगळवार, संध्याकाळ. कुंडल.

अजून डोकं शांत होत नाही. विज्ञानाच्या नव्या सरांनी आज दहावीच्या वर्गात सल्फ्युरिक ॲसिडच्या बीकरमध्ये वरून पाणी ओतलं. ॲसिडमध्ये पाणी! आमचे हे त्याच टेबलापाशी जन्मभर विज्ञान शिकवताना एकच सांगत आले. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात ॲसिड, बारीक धारेनं, ढवळत. ते उसळून समीनाच्या ओढणीवर उडालं. भोकं पडली. थोडं वर उडालं असतं तर?

आणि चष्मे कुठं? ह्यांच्या वर्षश्राद्धाला मी शाळेला प्रयोगाचे चष्मे दिले. मुख्याध्यापकांनी ते काचेच्या कपाटात ह्यांच्या फोटोखाली मांडलेत. दर गुरुवारी हार, बाहेरून कुलूप.

मी शेजारच्या वर्गात गणित घेत होते. धावत जाऊन पोरीची ओढणी काढली, तिला नळाखाली धरलं. मग मुख्याध्यापकांकडे कपाटाची किल्ली मागितली.

"आवं वहिनी, सरांची आठवण हाय ती. पोरं चरे पाडतील चष्म्यांना."

"आणि डोळा गेला असता म्हणजे?"

"गेला न्हाई न्हवं? ओढणीच जळली. लय मनावर घेऊ नका."

काय ही शिकलेली माणसं! हार घालायला वेळ आहे, ह्यांचं एक वाक्य लक्षात ठेवायला नाही.

मग मी फोटो परत मागितला. बाईला नवऱ्याचा फोटो द्यायला नाही कोण म्हणणार? कपाट उघडावंच लागलं. फोटो पिशवीत घातला आणि सगळे चष्मे प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवून आले. आता गुरुवारी हार कशाला घालतात, बघते.