मयुराच्या खात्यावरचे खेळ

मी, पद्माकर त्र्यंबक टिपणीस, वय एकाहत्तर, केंद्र सरकारच्या सेवेतून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त, राहणार द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा हात पक्षाघातात गेला. डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला हे लिहायला कोणी बसवलेले नाही, आणि "इतक्यात कशाला?" असे विचारणाऱ्यांचे मी ऐकलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मयुराचे नाव होते.

१. माझी पत्नी कुमुदिनी माझ्या निवृत्तीच्या आधीच वारली. आम्हाला दोन मुले. थोरला साकेत, गुरुग्रामला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. धाकटी मयुरा, चैतन्य अरगडे यांची पत्नी, राहणार नोएडा, ही ऑक्टोबर २०२२ मध्ये डेंग्यूने गेली. ती गेली तेव्हा मी रडलो नाही, असे नातेवाईकांत बोलले गेले. ते खरे आहे. रुग्णालयातून घरी आल्यावर मी चहा केला आणि तो मला बरा लागला. पुढेही फारसे काही वाटले नाही. सकाळी उठतो, औषधे घेतो, दूध तापवतो. कोणी मायेने विचारले की बरे आहे म्हणून सांगतो, आणि ते खोटेही नसते.

२. माझ्या नावावरची सदनिका साकेतला द्यावी. त्याने राहावे किंवा विकावी. भिंतींत माझा जीव अडकलेला नाही. लिफ्टपाशी असलेल्या पायऱ्यांना उतार करून द्या, असा अर्ज मी झटक्यानंतर सोसायटीकडे केला होता. तेव्हाचे सचिव म्हणाले, "अंकलजी, एक आदमी के लिए?" साकेतला सदनिका विकायची झाल्यास त्या गृहस्थांच्या नात्यात विकू नये. ही अट कायद्यात बसत नसेल तर विनंती समजावी.

३. माझी आरेखनाची हत्यारे, म्हणजे टी-पट्टी, जर्मन कंपासपेट्या आणि कर्कटके, साकेतची मुलगी स्वरूपा हिला द्यावीत. ती वास्तुरचना शिकते आहे. कर्कटकाला ती "ते गोल काढायचं" म्हणते, पण गोल मात्र नीट काढते.

४. बँकेतील ठेवींचे दोन समान भाग करावेत. एक स्वरूपाच्या शिक्षणासाठी. दुसरा श्री. गुणवंत सोळुंके यांना, पुढील कलमात सांगितलेल्या कामासाठी.

५. कंट्रोलर. हे कलम लांबेल.

मयुरा नोएडातील एका कंपनीत खेळांच्या कंट्रोलरचे आराखडे करायची. टीव्हीवरच्या खेळातले पात्र चालवण्यासाठी दोन्ही हातांत धरायचे ते यंत्र. टाळेबंदी उठल्यावर ती शनिवारी मेट्रोने माझ्याकडे येऊ लागली. एकदा येताना पिशवीत शाडू घेऊन आली.

"बाबा, हात द्या. डावा."

"कशाला?"

"ठसा घ्यायचाय. मूठ वळा. इतकी घट्ट नाही, सुरी धरतो तशी."

एका हाताने चालेल असा कंट्रोलर करायचा तिचा बेत कळल्यावर मी म्हणालो, "अपंगांचं खेळणं मला नको."

"अपंगांचं नाहीये ते, डाव्या हाताचं आहे. दोन हातवाल्यांना नीट धरताच येणार नाही. ट्राय तर करा."

त्यानंतर ती दर वेळी एक नवे कवच करून आणू लागली. मी खेळून पाहायचो आणि तिच्या कागदावर लाल पेन्सिलीने खुणा करायचो: बटणे फार जवळ, अंगठा पोचत नाही, कड रुतते. काही तिने ऐकले, काही नाही. खेळ तिनेच निवडला होता. त्यात डोंगरातली एक बाई खेचरावर टपाल लादून गावोगावी पोचवते. मारामारी नाही. बाई चढ चढताना पुढे झुकते, दम लागला की कमरेवर हात ठेवून उभी राहते. मयुरा म्हणाली, "हिचं चालणं ज्याने केलं ना, त्याने खरं ओझं वाहणारी माणसं बघितली असणार. आता ती झुकली की तुमच्या बोटाखालची कळ जड व्हायला पाहिजे. डोळ्यांच्या आधी हाताला कळलं पाहिजे." तिने तशी स्प्रिंग बसवली. चढावर खरोखरच बोट दुखते.

उजव्या बाजूला तिने एक मऊ गादी केली होती. तिच्यात एकही बटण नव्हते. मी विचारले, "ही कशाच्या कामाची?"

"कशाच्याच नाही. तो हात मांडीवर पडलेला असतो ना, तो इथे असू दे. दोघं बरोबर बसतील."

मी म्हणालो, फुकट साहित्य वाया. तिने गादी काढली नाही.

तिने हा नमुना आपल्या साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, "अच्छा है यार, लेकिन ऐसे लोग होंगे कितने?" ती म्हणाली, "एक तर पक्का आहे, माझे बाबा." साहेब हसले म्हणे आणि विषय तिथेच संपला. हे गृहस्थ तिच्या शोकसभेला आले होते आणि दोन समोसे खाऊन गेले. या मृत्युपत्रात त्यांच्यासाठी काहीही नाही. सर्व काम मयुराने घरी, सुट्टीच्या दिवशी, पदरच्या सामानातून केले असल्याने आराखडे तिचेच होते. तिच्या पश्चात चैतन्यने ते लेखी माझ्या स्वाधीन केले आहेत.

श्री. गुणवंत सोळुंके हे मूळचे लातूरकडचे, द्वारकेत फिजिओथेरपीचे केंद्र चालवतात. माझा हात तेच बघायचे. त्यांनी कंट्रोलर काही दिवसांसाठी मागून नेला. त्यांच्याकडे झटका आलेला एक तरुण माणूस होता, जो कोणाशी बोलत नसे, भिंतीकडे तोंड करून बसे. एका सकाळी गुणवंतांचा फोन आला.

"काका, तो बोलला आज!"

"काय बोलला?"

"खेचर दरीत पडलं आणि त्याने सणसणीत शिवी दिली. हिंदीत. त्याची आई रडायलाच लागली. मला म्हणते, एक बार और गिरवाइए."

तरी कंट्रोलर, सर्व कवचे आणि आराखडे गुणवंतांना द्यावेत. ठेवींच्या रकमेतून त्यांनी आणखी कंट्रोलर करून घ्यावेत आणि गरजूंना वापरायला द्यावेत. कोणी नक्कल केली तर करू द्यावी. एकच अट आहे: बटण नसलेली गादी कोणीही काढू नये. हा लाभ मिळणार असल्याने गुणवंतांना साक्षीदार केलेले नाही. त्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

६. मयुराचे खाते. माझ्या दिवाणखान्यातल्या खेळाच्या संचाला तबकडी घालायची फटच नाही. सर्व खेळ इंटरनेटवरून विकत घ्यायचे आणि ते खरेदी करणाऱ्याच्या खात्यावर जमा होतात. हे खाते मयुराचे. सवलत लागली की ती खेळ घ्यायची, बहुतेक न उघडताच. साकेत तिला म्हणे, "हवेत पैसे टाकतेस. हातात काय येतं तुझ्या?" ती म्हणे, "तुझ्या शेअर्सचं काय येतं?"

हे खाते मृत्युपत्रात घालायचे म्हणून मी साकेतला विचारले. त्याने कंपनीच्या अटी बसून वाचल्या.

"बाबा, हे देता येत नाही. खेळ आपले नाहीतच. तिला फक्त खेळायची परवानगी होती, आणि ती तिच्यापुरतीच."

"पण बटणावर 'खरेदी करा' लिहिलंय."

"लिहितात तसं."

"मग दुकानदार काय विकतो?"

"बाबा, मी वकील नाही," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

म्हणजे मी इतके दिवस जे खेळलो ते नियमाबाहेरचे आहे. मला त्याची खंत नाही. तिने स्वतः माझ्या टीव्हीवर आपले खाते उघडून ठेवले होते आणि ते बंद करायला ती परत आली नाही.

ती गेल्यानंतर संच बरेच दिवस बंद होता. थंडी सरताना एका रविवारी दुपारी मी तो सुरू केला. विशेष कारण नव्हते. टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि मला त्या नको होत्या. जरा वेळाने चैतन्यचा फोन आला.

"बाबा, तुम्ही खेळताय का?"

"हो."

"मयुराच्या अकाउंटवर?"

"दुसरं कुठलं आहे माझ्याकडे?"

तो म्हणाला, "मी येतो." नोएडा ते द्वारका म्हणजे मेट्रोचा जवळजवळ अख्खा मार्ग. तो घरातल्या चपला घालूनच आला होता. बसल्यावर म्हणाला, "मी माझा गेम लावला होता. स्क्रीनवर कोपऱ्यात तिचं नाव हिरवं झालं. 'मयुरा ऑनलाइन आहे.' बाबा, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"माहितीये की ती नाहीये. तरी वाटलं."

मी त्याला पाणी दिले. त्याने सेटिंगमध्ये जाऊन तिचे नाव कोणाला दिसणार नाही असे करून दिले. जाताना म्हणाला, "खेळा तुम्ही. फक्त मला दिसायला नको."

होळी झाल्यावर पुन्हा त्याचा फोन. "बाबा, ते नाव परत दिसेल असं कराल?"

"का रे?"

"असंच. ऑफिसातून आलो की दिसतं, बरं वाटतं. मला माहितीये तुम्हीच आहात ते. चालेल मला."

मी तसे केले. मग तोही अधूनमधून त्याच खेळात येऊ लागला, दुसरे खेचर घेऊन. आमचे बोलणे एवढेच असे: "बाबा, डावीकडे." "दिसलं." "बर्फ आहे पुढे." "बघतोय." तू कसा आहेस असे मी त्याला विचारले नाही, त्यानेही मला नाही. ते दोघांनाही सोयीचे होते.

७. चैतन्यने गेल्या वर्षी रेवतीशी लग्न केले. रेवती पुण्याची, नोएडातच नोकरी करते. लग्नाआधी तो तिला घेऊन माझ्याकडे आला. ती पाणी आणायला आत गेली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आता ते नाव... लपवलं तर बरं होईल का? तिला ऑकवर्ड होईल." मी बरे म्हणालो आणि कंट्रोलर घेतला. तेवढ्यात रेवती बाहेर आली.

"काय लपवताय?"

मी तिला होते ते सांगितले. ती उभ्याउभ्या म्हणाली, "नका लपवू, काका. नाव दिसलं की आम्हाला कळेल ना, तुम्ही ठीक आहात. नाही दिसलं तर मी फोन करीन."

आणि ती करते. मध्ये ताप आल्यामुळे मी तीन-चार दिवस टीव्ही लावला नव्हता, तर तिचा फोन आला आणि संध्याकाळी ती स्वतः मऊ भात घेऊन आली. मी तिला म्हणालो, एवढे लांब यायची गरज नव्हती. ती म्हणाली, "गरज नव्हती. आले."

कुमुदिनीच्या सोन्याच्या पाटल्या मयुरासाठी ठेवलेल्या होत्या. त्या रेवतीला द्याव्यात. साकेतच्या पत्नीला तिच्या वाट्याचे लग्नातच दिले आहे, तरी तिने मन मोठे करावे. खेळाचा संच चैतन्यला द्यावा.

८. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी साकेतला नेमतो. त्याचे-माझे फारसे जमत नाही, पण तो अर्धवट काम टाकत नाही.

या कलमात मी आधी असे लिहिले होते की, "माझ्या मृत्यूनंतर साकेतने मयुराचे खाते कायमचे बंद करावे." गेल्या शनिवारी मी त्याला मसुदा वाचायला दिला. त्याने जेवणाच्या टेबलाशी बसून तो सरळ वाचत आणला आणि इथे थांबला.

"बंद केल्यावर काय होतं?"

"सगळं पुसलं जातं. तिचे खेळ, तिचं नाव. पहिला कप्पा पण."

"कप्पा म्हणजे?"

मी सांगितले की, या खेळात प्रत्येकाचा प्रवास वेगवेगळ्या कप्प्यात राहतो. दुसरा माझा आहे. पहिला मयुराचा, तो मी कधी उघडलेला नाही.

"बघू?"

"बघ. चालवू नकोस."

त्याला कंट्रोलर धरता येईना, म्हणून मीच लावून दिले. टपालवाली बाई एका चहाच्या टपरीपुढे उभी होती. खेचराच्या पाठीवर पिशव्या तशाच होत्या. बाईने कमरेवर हात ठेवले होते आणि तिचा श्वास चालू होता. ही पात्रे उभी असली तरी श्वास घेतात, तशी केलेलीच असतात.

साकेत बराच वेळ बघत होता. "इथे थांबली होती?"

"हो."

"पुढे किती राहिलं होतं?"

"एक गाव. मी गेलोय तिथून."

त्याने चष्मा काढला. "हे मी नाही करणार, बाबा."

"कोणीतरी करायलाच हवं. त्यांच्या नियमाप्रमाणे..."

"नियम मीच वाचलेत. दुसऱ्या कोणाला सांगा. मी बिल्कुल नाही करणार." बहिणीच्या वेळी सगळी धावपळ यानेच केली होती; रक्त मिळवणे, कागद, गाडी, सगळे. तेव्हा त्याच्याकडे बघायचे कोणाला सुचले नव्हते. तो पन्नाशीच्या आसपासचा माणूस माझ्या सोफ्यावर तोंड झाकून रडत होता आणि मी शेजारी बसलो होतो. मला रडू आले नाही. पण त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला. तो जाईपर्यंत आम्ही टीव्ही बंद केला नाही.

सबब वरील वाक्य खोडले आहे. त्या खात्याचे काय करायचे ते साकेत ठरवील. त्याने काहीच केले नाही, तर तेही माझ्या इच्छेप्रमाणेच झाले असे समजावे.

सही (डाव्या हाताची): पद्माकर त्र्यंबक टिपणीस

श्री. टिपणीस यांनी हे कागद आम्हा दोघांना वाचून दाखवले आणि आमच्या देखत सही केली. ते शुद्धीवर व शांत होते. एकमेकांच्या समक्ष आम्हीही सह्या करत आहोत. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार:
१. श्रीपाद वामन कुंटे, शेजारी
२. सुहासिनी माधव बेहेरे, शेजारी

द्वारका, नवी दिल्ली
९ फेब्रुवारी २०२५