भट्टीची शिकाऊ पेटी

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी सर्दी गेली असेल. तुझ्या बायकोचा खांदा आता वर होतो का ते कळव. इकडे सगळे ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले. आता खरे लिहिते.

तू बेकरीच्या छतावर सौर पॅनेल बसवलीस, विजेच्या भट्टीला आणि पीठ मळायच्या यंत्राला ती पांढरी पेटी जोडलीस आणि "ही आठवडाभर तुमच्या सवयी बघेल, मग ऊन बघून आपणच भट्टी तापवेल" असे सांगून गाडीत बसलास. दुसऱ्याच दिवशी मैद्याचे पोते उचलताना यांची कंबर धरली. आठवडाभर हे पालथे, आणि बेकरी माझ्या हाती. मी आपली माणसासारखी उठून, घरचे आवरून अकराला भट्टी लावायची. (पाव तीनला निघायचा, म्हणून सकाळचे गिऱ्हाईक बिचारे कालचा न्यायचे.) पेटी हे सगळे मन लावून शिकली. या घरात माझे ऐकणारी ती पहिलीच.

कंबर सुधारल्यावर हे तेवीस वर्षांच्या सवयीने पहाटे भट्टीपाशी गेले, तर पेटीवर अक्षरे: "अकरा वाजता सुरू करणे योग्य." यांनी बटण दाबले, तिने बंद केले. (तिला गप्प करायचे बटण तू दाखवले होतेस म्हणे. पण तेव्हा हे तुझ्या बुटांकडे बघत होते. भट्टीपाशी बूट घालून आलास, तो विषय अजून निघतो.) पाव सकाळचाच असतो, आमच्या वडिलांपासून, असे यांनी तिला बजावले. ती वडिलांना ओळखत नव्हती.

मग "शिकते ना, शिकवतो" म्हणून हे पहाटे पीठ मळायचे यंत्र रिकामेच फिरवू लागले. चार दिवसांत पेटी तेही शिकली आणि यंत्र आपणहून फिरवू लागली. भट्टी मात्र अकरालाच. हरून हे पहाटे खाली बेकरीत यायचे थांबले, आणि यंत्राच्या भांड्यात सासूबाईंनी आपले विणकाम ठेवले. (झाकण असलेली स्वच्छ जागा घरात तेवढीच, असे त्यांचे मत.) स्वेटर उत्तम मळला गेला. त्या तुझ्याबद्दल काय बोलल्या ते लिहिण्यासारखे नाही.

हे तीन दिवस पोत्यावर बसून होते. दुकान बुडाले असे धरूनच चालले होते, आणि मलाही भीती वाटू लागली होती. चौथ्या दिवशी सुट्टी संपून शाळा भरली, आणि ती सुटायला आणि पाव निघायला एकच गाठ पडली. वास रस्त्यावर गेला, दारात रांग लागली. समोरचा शिंपी, जो आजवर आमच्या पावाला गार म्हणत आला, त्याने दोन पाव उभ्या उभ्या खाल्ले. हे त्याला शांतपणे म्हणाले, "उन्हावर भाजलाय." दुसऱ्या दिवशी फळ्यावर यांच्याच अक्षरात: ताजा पाव दुपारी तीनला.

तुझी,
ताई

ता. क. : पेटी पहाटेवर लावायला ये, असा निरोप यांनी रागाच्या भरात तुला धाडला होता. येऊ नकोस. काम फार आहे म्हण. लग्नानंतर पहिल्यांदाच मला यांचा सकाळचा चेहरा दिसतो आहे. चहा आम्ही समोरासमोर बसून घेतो.

आणखी एक : पाकीट फोडून लिहिते आहे. चहाच्या वेळी हे बोलतात. तेवीस वर्षांचे साठलेले असावे. आज साखर किती घालावी, भाजी कशी चिरावी आणि झाडू कुठून धरावा, एवढे झाले. रविवारी ये. निदान आठवड्यातले तीन दिवस तरी पहाटेचे कर. कारण ढगांचे सांग, माझे नाव घेऊ नकोस.